दुसऱ्या नंबरचा टॉवेल

मल्लिनाथअण्णा सर्व्हिस करण्याआधी बॉलशी बोलतात. मनातल्या मनात नव्हे, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. बॉल तळहातावर घ्यायचा, त्याच्यावर हलकी फुंकर मारायची आणि कन्नडमध्ये त्याला सांगायचं, "होगप्पा, एडक्क होगप्पा." आणि तो हलकट बॉल त्यांचं ऐकतो! मी लेकाचा वर्षानुवर्षं घाम गाळतोय, माझं कधी ऐकलं नाही त्यानं.

आता तुम्ही म्हणाल, जळतोय हा. जळतोयच. त्यात लपवायचं काय?

आमच्या सोलापुरात दर हिवाळ्यात टेबल टेनिसची एक स्पर्धा होते. त्यात पन्नाशीच्या पुढच्यांचा एक गट असतो. बक्षिसं एक चादर कारखानदार देतात. त्यामुळे कप नाही, ढाल नाही. पहिल्या नंबराला चादर, दुसऱ्याला टॉवेल. चादरीच्या काठावर 'विजेता' असं विणलेलं असतं आणि टॉवेलवर 'उपविजेता'. चादर दर वर्षी अण्णा नेतात. टॉवेल दर वर्षी मी.

कारखानदारांचा माल फार चांगला हो, तीच तर पंचाईत आहे. टॉवेल फाटतच नाहीत. सकाळी दाढी करून तोंड पुसावं तर नाकासमोर 'उपविजेता'. मुलगी स्कूटी पुसते ते फडकंही 'उपविजेता'. गावाकडचे पाहुणे आंघोळीला गेले तरी खांद्यावर माझा पराभव टाकून बाहेर येतात. आमची ही, म्हणजे सुनंदा, दर वर्षी माझ्याबरोबर हॉलवर येताना एकच सांगते, "अहो, टॉवेल पुरे झाले. या वर्षी काहीतरी अंगावर घ्यायला आणा."

बरं, हरावं तर कुणाकडून? हा माणूस खेळाडू दिसतो तरी का? रेल्वेतून निवृत्त. आयुष्य गेलं होटगी जंक्शनवर, आता शुक्रवार पेठेत राहतात. अंगात फुल पँट, इन केलेला शर्ट, खिशाला पेन. फायनलला पेन कशाला लागतं? टेबलासमोर उभे राहतात ते रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखे. मी भारीचे बूट घेतले, पुण्याहून बॅट मागवली, यूट्यूबवर बघून स्मॅश घोटला. मी जीव खाऊन मारायचं आणि अण्णांनी नुसती बॅट आडवी धरून बॉल परत पाठवायचा. पुन्हा मारायचं, पुन्हा परत. शेवटी माझाच एक बॉल नेटमध्ये जातो आणि लोक टाळ्या वाजवतात. कुणासाठी? अण्णांसाठी! आमची ही सगळ्यात जोरात. "काय शांत खेळतात हो अण्णा, बघत राहावंसं वाटतं," हे तिनं मला, तिच्या सख्ख्या नवऱ्याला, माझ्याच स्कूटरवर मागे बसून सांगितलेलं आहे.

त्यात अण्णांचा खरेपणा. बॉल टेबलाच्या कडेला पुसटसा लागून गेला तर पंचाला दिसत नाही. अण्णा लगेच हात वर करतात, "लागला बरं का. त्यांचा पॉइंट." पॉइंट मला मिळतो आणि टाळ्या त्यांना. सांगा आता!

पण मला सगळ्यात जास्त झोंबतं ते मॅचनंतरचं. हात मिळवायला येतात आणि माझा हात सोडतच नाहीत. मान तिरकी करून विचारतात, "आता वहिनी काय म्हणतील?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न चुकता फोन. "माने साहेब, काय म्हणाल्या हो वहिनी?" जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते याला. मी "काही नाही" म्हणून फोन ठेवून देतो.

त्यांना काय जातंय विचारायला? त्यांची स्वतःची बायको मागेच वारली. मुलगा बंगळुरात. घरात टोकायला कुणी नाही, भाजी आण म्हणायला कुणी नाही. मनाला येईल तेव्हा बॅट उचलायची आणि हॉलवर जायचं. मला तर कधीकधी त्याचासुद्धा हेवा वाटायचा. असला निवांतपणा असता तर मीही चादर आणली असती, असं मी सुनंदाला एकदा बोलूनही दाखवलं होतं. त्या दिवशी माझ्या आमटीत मीठ नव्हतं.

या वर्षी मात्र मी कंबर कसली. सात रस्त्याला माझं ऑफिस आहे. तिथं अक्कलकोटच्या एक बाई आहेत, घरी कन्नड बोलणाऱ्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांना धरलं. म्हटलं, अण्णा बॉलला सांगतात तरी काय? त्या हसून म्हणाल्या, "एडक्क म्हणजे डावीकडं, बलक्क म्हणजे उजवीकडं. होगप्पा म्हणजे जा बाबा." मी कपाळावर हात मारला. हा माणूस बॉल कुठं टाकणार ते दर वर्षी माझ्या तोंडावर सांगत होता आणि मी येड्यासारखा हरत होतो!

फायनलला मी छाती काढून उभा राहिलो. अण्णा म्हणाले, "एडक्क होगप्पा." मी डावीकडं झेपावलो. बॉल उजवीकडून गेला. "बलक्क होगप्पा." मी उजवीकडं. बॉल डावीकडून. पहिला गेम असाच वाहून गेला. मी मनातल्या मनात अक्कलकोटच्या बाईंना नको नको ते बोललो. टेबलाच्या बाजू बदलताना अण्णांच्या शेजारून गेलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अहो, ते बोलत होते ते त्यांचं डावं! समोरून ते माझं उजवं!

मग काय विचारता! ते बोलताक्षणी मी जागेवर. दुसरा गेम माझा, तिसरा माझा. चौथा अण्णांनी काढला. पाचव्यात दोघं पुढंमागं करत शेवटाला आलो आणि मी एका पॉइंटवर, म्हणजे चादरीवर, येऊन ठेपलो. सुनंदा खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. मी सगळा जीव एकवटून स्मॅश मारला. बॉल टेबलाच्या जरा पलीकडून गेला. पंचानं अण्णांना पॉइंट द्यायला हात उचलला आणि तेवढ्यात अण्णांनी आपला हात वर केला.

"कडेला लागला की. त्यांचा पॉइंट. जिंकले ते."

टाळ्यांचा कडकडाट. चादर माझ्या हातात, सुनंदा लगेच घरी फोन लावायला बाहेर. पण कडेला लागला की टिक् असा आवाज येतो, आणि मला तो आला नव्हता. आणि अण्णा? गळ्यात 'उपविजेता' टॉवेल टाकून लहान पोरासारखे हसत होते. मी जिंकलो होतो आणि तरीही मलाच त्यांचा हेवा वाटत होता, काय म्हणावं याला!

मी त्यांना ओढतच बाहेर चहाच्या टपरीवर नेलं.

"अण्णा, लागला होता?"

"कन्नड शिकलात व्हय?" त्यांनी उलट विचारलं. "मी बोलायचा अवकाश, तुमचा खांदा फिरत होता. लई बेस्ट."

"कळलं होतं तर मग उलटं का नाही सांगितलंत?"

"बॉलला खोटं कसं सांगायचं वो?" अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले. "आजवर कधी सांगितलं न्हाय."

"आणि पंचाला?"

अण्णांनी चहाचा घोट घेतला. टॉवेलचं टोक बोटांनी चाचपत राहिले.

मी चिडलोच. म्हटलं, "असली भीक मला नको. चादर तुमची आहे, घेऊन जा."

"नको वो माने साहेब." ते घाईनं म्हणाले. "कपाटभर हायत. ही होती तवर एकेक काढायची. विजेता हा शब्द पायाकडं येऊ द्यायची न्हाय, उशाकडंच पायजे. ती गेल्यापासनं एकबी घडी मोडली न्हाय मी."

"का?"

"डबलची असती की चादर. एकट्यानं घेतली की निम्मी थंडच राहते." त्यांनी टॉवेल गळ्याभोवती नीट केला. "ह्ये कसं, एकट्या माणसाचं हाय. पुरतंय."

एवढी वर्षं जिचा हेवा केला ती चादर माझ्या मांडीवर होती. अण्णा उठले, माझा हात हातात घेतला आणि मान तिरकी करून म्हणाले, "आता वहिनी काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आलाच. "माने साहेब, काय म्हणाल्या हो वहिनी?"

मी 'काही नाही' म्हणणार होतो, तोंडापर्यंत आलं होतं. पण ऐनवेळी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, अण्णा, ऐका. आधी म्हणाली, रंग भडक आहे. मग दाराशीच उलगडून बघितली. मग शेजारणीला बोलावून दाखवली. मग म्हणाली, आता सगळे टॉवेल फडक्यांत टाकते, आणि मग स्वतःच म्हणाली, राहू देत, सवय झालीय. मग मला म्हणाली, फार फुगू नका, अण्णांनी सोडलं म्हणून जिंकलात, मला काय दिसत नाही होय?

पलीकडून अण्णा हसले.

"आणि?" ते हळूच म्हणाले. "आणि मग काय म्हणाल्या?"