हुप्प्या मार्गदर्शक होतो

ही कथा मी गेल्या पौषात, तालुक्याच्या गावी भरलेल्या ‘समुदाय-नेतृत्व व मार्गदर्शन कौशल्ये’ या शिबिराच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ऐकली. सांगणाऱ्या होत्या अंगणवाडी सेविका शेवंताबाई कुसराम. समाजकार्याचा पदव्युत्तर विद्यार्थी या नात्याने मी तेथे निरीक्षणास गेलो होतो. घटनाक्रम सर्वस्वी बाईंचा आहे. भाषा तेवढी माझी.

तर बालमित्रांनो, एका जंगलात, जेथे अद्याप कोणी कोणाला सक्षम केलेले नव्हते, बेहड्याचे एक उंच झाड होते. झाडावर वानरे राहत. खाली चितळांचा कळप चरे. वानरे खाताना अर्धा पाला खाली सांडत. तो चितळे खात. त्या बदल्यात काही द्यावे लागत नसे.

वानरांचा म्होरक्या होता हुप्प्या. त्याला शेंड्यावरून दूरचे दिसे. बिबट्या दिसला की तो घशातून खरखरीत आवाज काढून खाकरे. तो आवाज ऐकताच चितळे पळत. कोणीही कारण विचारीत नसे.

“आधी पळायचं,” हुप्प्या म्हणे, “मग पाहिजे तेवढं भांडायचं माझ्याशी.”

एका हिवाळ्यात त्या जंगलात करकोचा आला. तो दूरदूरच्या तळ्यांवर नेतृत्वविकासाचे कार्य करून आला होता, असे त्यानेच सांगितले. त्याने दोन दिवस एका पायावर उभे राहून निरीक्षण केले. नंतर तो हुप्प्याजवळ येऊन बसला.

“आपण खाकरता आणि ते पळतात,” करकोचा म्हणाला. “याला काय म्हणतात, ठाऊक आहे?”

“जीव वाचवणं,” हुप्प्या म्हणाला.

“परावलंबन,” करकोचा म्हणाला. “आपण त्यांना पंगू करून ठेवले आहे. खरा नेता उत्तर देत नाही. तो प्रश्न विचारतो.”

हुप्प्याला आयुष्यात प्रथमच आपल्या आवाजाची लाज वाटली. तो करकोच्याच्या शिबिरात बसला. मान कशी डोलवावी, ऐकताना चेहरा कसा ठेवावा, विचारलेला प्रश्न विचारणाऱ्याकडेच कसा परत पाठवावा, हे सारे तो शिकला. वानर असल्यामुळे त्याला ते लवकर जमले. शेवटी करकोच्याने त्याच्या गळ्यात वेलीची माळ घातली. हुप्प्या म्होरक्याचा मार्गदर्शक झाला.

कळपात कपिला नावाची एक हरिणी होती. तिला नुकतेच पाडस झाले होते. त्याचे पाय अजून लटपटत, म्हणून ती त्याला उंच गवतात लपवून चरायला जाई. तिची सारी मदार झाडावरच्या आवाजावर होती.

ती झाडाखाली आली. “हुप्पेदादा, तू आता खाकरणार नाहीस म्हणे?”

“त्याविषयी तुला काय वाटतं, कपिलाबाई?”

“मले काय वाटायचं? मले पळायचं कधी, ते सांग.”

“तुझ्या मते पळायची योग्य वेळ कोणती?”

कपिलेने त्याच्या माळेकडे पाहिले. “गळ्यात माळ पडली नं, अन् भाऊच्या तोंडचं बोलणंच गेलं,” ती म्हणाली आणि चरायला गेली. एवढे खरे, की त्या दिवशी ती फार लांब गेली नाही.

दुपार कलली. गवतातून बिबट्या येताना हुप्प्याने पाहिला. तो खाकरणार, एवढ्यात शेजारच्या फांदीवरून करकोच्याने पंख आडवा धरला.

“थांबा,” तो हळूच म्हणाला. “हा त्यांच्या शिकण्याचा क्षण आहे. तो हिरावून घेऊ नका.”

बाकीची वानरेही गप्प राहिली. म्होरक्याच्या आधी खाकरण्याची त्यांच्यात रीत नव्हती.

हुप्प्या फांदीवरून खाली वाकला. “कपिलाबाई,” त्याने विचारले, “गवताकडे पाहून तुला काय जाणवतं?”

“हलते आहे. काहून?”

“कशानं हलत असेल?”

“वाऱ्यानं.”

“छान. आणखी कोणत्या शक्यता असू शकतात?”

कपिलेने कान टवकारले. “काही दिसलं काय रे तुले? सरळ सांग नं. माझं लेकरू आहे तिथं.”

हुप्प्याने करकोच्याकडे पाहिले. करकोच्याने संथपणे मान डोलावली.

“उत्तर तुझ्यातच आहे,” हुप्प्या म्हणाला.

कपिला धावली. उत्तर तिला सापडले. परंतु ते बिबट्याला आधी सापडले होते. पाडसाला ओरडण्याइतकाही वेळ मिळाला नाही.

कळप पांगला आणि काही वेळाने पुन्हा जमला. करकोच्याने सर्वांना गोलाकार उभे केले. “उशीर झाला खरा,” तो म्हणाला, “पण आज प्रथमच समुदायाने स्वतःचा निष्कर्ष स्वतः काढला. ही प्रक्रिया महत्त्वाची. आता प्रत्येकाने आपली भावना एका शब्दात सांगावी.”

कपिला गोलात उभी राहिली नाही. ती झाडाखाली गेली.

“दादा, तुले दिसला होता नं तो?”

हुप्प्याने गळ्यातली माळ चाचपली. मग तो म्हणाला, “हा प्रश्न तुला आत्ता महत्त्वाचा का वाटतो?”

कपिला निघाली, आणि तिच्यामागून एकेक करून सारा कळप निघाला. करकोच्याने हे कळपाच्या स्वावलंबनाचे पहिले पाऊल मानले आणि पुढच्या जंगलाकडे उड्डाण केले.

तात्पर्य: बालमित्रांनो, बिबट्या दिसला असता ‘बिबट्या’ असे म्हणणे हे मागासलेल्या नेतृत्वाचे लक्षण होय. समुदायाला नेहमी जमिनीवरून शिकू द्यावे. मार्गदर्शकाने मात्र झाडावरच राहावे.

ता. क. चितळे गेल्यानंतरही हुप्प्या रोज दुपार कलताना शेंड्यावर जाऊन, खाली कोणी नसताना, घसा फाटेपर्यंत खाकरत असे, असे शेवंताबाईंनी सांगितले. एवढा एक भाग मला अन्य कोणाकडूनही पडताळून घेता आला नाही.