पिस्तुलाला लागलेली अक्षता

मिलिमीटरच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी टूलरूम सांभाळतो. मापात केसाएवढा फरक पडला तरी मला जेवण जात नाही. त्यामुळे आमच्या तेजश्रीच्या एअर पिस्तुलाचा नेम हुकतोय हे कळलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "काळजी करू नको. घरात हौसेराव असताना नेम चुकेलच कसा?"

"हौसेराव घरात आहेत म्हणूनच काळजी वाटते," ती म्हणाली.

तेजश्री अकरावीत आहे. कोपरखैरण्याच्या एका क्लबात ती नेमबाजी शिकते. दहा मीटरवरच्या कागदातल्या काळ्या गोळ्यात छर्रा मारायचा, एवढंच. पण हे 'एवढंच' काही तिला जमेना. जिल्ह्याची निवड दसऱ्यानंतरच्या रविवारी होती आणि बायकोने जाहीर केलं होतं की या वेळी निवड झाली नाही तर पिस्तूल माळ्यावर जाईल, ते बारावी झाल्यावरच खाली येईल. आमच्या माळ्यावर गेलेली वस्तू खाली येत नाही. माझं बुलबुलतरंग लग्नापासून तिथे आहे. तेजश्रीचा चेहरा तेव्हापासून उतरलेला होता, आणि ते मला बघवत नव्हतं.

तिचे कोच रमीज सर तळोज्याचे. पोरगेलासा माणूस, पण शिस्तीला जमदग्नी. त्यांचा मंत्र एकच. "तेजश्री, फ्रंट साइट बघ. टार्गेट नको, स्कोअर नको, फ्रंट साइट."

साइट म्हणजे नळीवरचे नेम धरायचे काळे तुकडे. मागच्या तुकड्याला खाच असते आणि पुढे नुसता एक खुंट. खाचेच्या मधोमध खुंट दिसला की चाप ओढायचा. मला तो खुंटच पटला नव्हता. काळ्या पिस्तुलावर काळा खुंट, दिसणार कसा? त्यावर स्कूटरच्या रिफ्लेक्टरचा तुकडा लावू, रेडियमची पट्टी लावू, अगदी बायकोच्या तुटलेल्या माळेतला मोती लावू, असं मी सरांना सुचवून पाहिलं.

"काका," सर म्हणाले, "साइटला हात लावायचा नाय. तुमी तर तिच्याकडे बघायचं पण नाय."

दसऱ्याच्या सकाळी आईने हॉलमध्ये पाट मांडून घरातली सगळी शस्त्रं ओळीने ठेवली. माझा मापं घ्यायचा व्हर्निअर, विळी, मिक्सरचं भांडं, गाडीची किल्ली आणि तेजश्रीचं पिस्तूल. मी आईला बजावलं, "पिस्तुलात काही जाऊ देऊ नकोस हं," आणि झेंडू आणायला खाली उतरलो. वर येईपर्यंत पूजा उरकलीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी क्लबात तेजश्रीने पिस्तूल उचललं, एक डोळा मिटला आणि तशीच थांबली. मग छर्रा सुटला. दहा. पुढचा दहा. मग नऊ. मग पुन्हा दहा. माझा माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. रमीज सरांच्या हातातला चहा वाकडा होऊन बुटावर सांडत होता, तेही त्यांना कळलं नाही.

"बाबा, आज साइट एकदम क्लिअर दिसतेय," तेजश्री म्हणाली. "तिच्यावर काहीतरी आहे."

आम्ही तिघांनी डोकी एकत्र करून पाहिलं. खुंटाच्या मागच्या अंगाला, बरोब्बर मधोमध, तांदळाचा एक दाणा उभा चिकटला होता. पिवळसर, वाळून टणक झालेला.

"अक्षता," मी हळूच म्हणालो. माझ्या अंगावर काटा आला. "आईच्या हातची."

सरांनी नख पुढे केलं. "काढतो."

"सर, प्लीज," तेजश्री रडकुंडीला आली. "रविवारपर्यंत राहू दे ना."

सरांनी दाण्याकडे पाहिलं, कागदावरच्या भोकांकडे पाहिलं. "आजींच्या पूजेचं आहे तर मी कसं काढू," असं म्हणून ते बूट पुसायला गेले.

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण दाणा पडला तर? जोडीला एखादा तयार असावा, असं कुठल्याही टूलरूमवाल्याला वाटणारच. शनिवारी तेजश्री क्लासला गेली असताना मी व्हर्निअर घेऊन बसलो. आधी दाण्याची लांबी घेतली. मग जाडी घ्यायला व्हर्निअरचे जबडे हलकेच मिटले.

कट्.

दाण्याचं पीठ झालं. आयुष्यात हजारो वस्तू मोजल्या, एकीने असा दगा दिला नव्हता. तेजश्रीला काय तोंड दाखवणार?

मी धावत स्वयंपाकघरात गेलो. डब्यात साधा कोलम होता, पण शेजारीच बिर्याणीसाठी आणलेला बासमती दिसला. म्हटलं, पोरीच्या निवडीचा मामला आहे, कंजुषी कशाला? लांबसडक दाणा निवडला, हळदीत घोळवला. पाणी लावून चिकटेना, खळ लावून चिकटेना. मग सरळ फेव्हिक्विक काढलं. दाणा खुंटाच्या वर थोडा डोकावत होता. उलट बरंच झालं, जास्त दिसेल, असं मला वाटलं. कुणाला काही बोललो नाही.

रविवारी सामानाच्या तपासणीला एक मॅडम बसल्या होत्या. त्यांनी साइटवर भिंग धरलं आणि त्यांच्या भुवया कपाळात गेल्या.

"हे काय आहे?"

"अक्षता," मी म्हणालो.

"पिस्तुलाला?"

"दसऱ्याच्या."

मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडलं. "लेन्स चालत नाही. आरसा चालत नाही. लेझर चालत नाही." त्यांनी दोनदा पानं उलटली. "तांदळाचं काही लिहिलेलं नाही. जा."

रमीज सर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

सुरुवातीला सरावाचे छर्रे मारायला वेळ देतात, ते मोजत नाहीत. तेजश्रीने पहिला मारला. गुणांच्या पडद्यावर तीन. दुसरा, दोन. तिसरा तर सगळ्या वर्तुळांच्या खाली गेला. खुंट उंच झाला की छर्रा खाली जातो, हे टूलरूम सांभाळणाऱ्या माणसाला शनिवारी सुचायला हवं होतं. सुचलं रविवारी, प्रेक्षकांच्या खुर्चीत.

"काका," सर माझ्या कानाशी म्हणाले, "काय केलंत?"

"बासमती," मी म्हणालो.

सरांनी डोळे मिटले आणि कसलीशी दुआ पुटपुटली.

तेजश्रीने साइट डोळ्यांजवळ नेली, मग वळून माझ्याकडे पाहिलं. बापाकडे मुलीने असं कधी पाहू नये. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं, म्हणून मी नुसते हात जोडले. तिने हात वर केला, पंचांची परवानगी घेतली आणि पिस्तूल टेबलावर ठेवून बॅगेतल्या नेलकटरने दाणा उडवला. तो उडून पंचांच्या टोपीवर बसला. खुंटावर उरला नुसता फेव्हिक्विकचा चट्टा. वेळ संपत आला होता.

तिने श्वास घेतला. पिस्तूल वर गेलं. नऊ. दहा. दहा. मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की तो निघून माझ्या मांडीवर आला. शेवटी यादी लागली, तेव्हा निवडलेल्यांत सगळ्यात खालचं नाव तेजश्रीचं होतं. सगळ्यात खालचं, पण रेघेच्या वर. मी चारचौघांत रडलो, मला लाज वाटली नाही.

"दाणा नव्हता, तरी कसं लागलं?" मी सरांना विचारलं.

"दाण्यात काय होतं, काका? दाण्यामुळे ती फ्रंट साइट बघायला शिकली. सहा महिने घसा फोडून मी तेच सांगतोय."

मला काही ते पटलं नाही. घरी येताच मी आईच्या पायांवर डोकं ठेवलं. "आई, ही तुझ्या अक्षतेची पुण्याई."

"कसली अक्षता?"

"पिस्तुलावर वाहिलीस ती."

"आरं हौशा, पिस्तुलावर म्या न्हाई वाहिली. तूच म्हनलास न्हवं, आत काय जाऊ देऊ नगं म्हनून? लांबनंच हळद-कुकू दावलं."

तेजश्री एकदम बॅगेपाशी गेली, पिस्तुलाच्या पेटीचा कोपरा चाचपला आणि ओठ चावून उभी राहिली.

"बाबा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबा पेटीतच ठेवला होता. झाकण सैल होतं."

"डब्यात काय होतं?" बायकोने विचारलं.

"मसालेभात."

लहानपणी मी पतंगाचे कागद भाताच्या शिताने चिकटवले आहेत. ते कसं चिकटतं, वाळल्यावर कसं कडक होतं, सगळं मला ठाऊक. तरीही खरकट्या शिताला मी तीन दिवस मनोभावे नमस्कार करत होतो. त्यात तेजश्रीने बासमतीचं आणि तपासणीच्या मॅडमचंही सांगून टाकलं.

"म्हंजी खरकट्याच्या जागी बासमती लावून त्या बाईला अक्षता म्हनून सांगितलंस?" आईने डोळे विस्फारले.

तेवढ्यात रमीज सरांचा फोन आला. आवाज थकलेला होता. "काका, दाण्याचं काय नसतं म्हणून ओरडून सांगितलं, पण बाकीचे पालक ऐकतच नाहीत. आजींकडनं अक्षतांची छोटी पुडी मिळेल काय?"

फोन स्पीकरवर होता. मी आईकडे पाहिलं.

"पुडी कशाला," आई उठत म्हणाली, "उद्या डबाच धाडते म्हनावं."