खिडकीला बांधलेले उरकुडे काका

आमच्या समोरच्या घरात एक माणूस रोज सकाळी दहा वाजता स्वतःला खिडकीच्या गजाला बांधून घेतो. खरंच सांगते. मनगटाला पट्टा, पट्ट्याला स्प्रिंगसारखी गुंडाळलेली वायर, वायरच्या टोकाला चिमटा आणि तो चिमटा गजाला. गजापासून एक तांब्याची तार खाली जमिनीत गेली आहे. जिथे ती जमिनीत शिरते तिथे हा माणूस रोज एक मग पाणी ओततो. नवीन दूधवाला ते बघून दोन दिवस हात जोडून जायचा. त्याला वाटलं, देवाचं काही असेल.

देव वगैरे काही नाही. हे नामदेवराव उरकुडे, वय साठीच्या पुढे, धंदा टॅबलेट दुरुस्तीचा. नागपूरच्या नंदनवन भागात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान आहे. आडनाव उरकुडे, पण या माणसाने आयुष्यात एक काम पटकन उरकलेलं मी पाहिलं नाही. ती वायर अर्थिंगसाठी, आणि पाणी तारेजवळची माती ओली राहावी म्हणून. त्यांचं म्हणणं, माणसाच्या अंगात करंट साचतो. आपल्याला कळत नाही, पण टॅबच्या आतल्या चिपला हात लागला की ती मरते. स्वतःला बांधून घेतलं तर ठीक आहे, ज्याचा त्याचा प्रश्न. पण गिऱ्हाईकालाही ते आधी गजाला हात लावायला लावतात. मी एकदा नायलॉनची ओढणी घेऊन गेली होती तर मला दारातच थांबवलं.

"ते ओढणी बाहीर ठेव वं. तू चालतं फिरतं वीजघर होऊन आली."

मी ओढणी जास्वंदाच्या झाडावर टाकली आणि आत जाऊन गजाला हात लावून उभी राहिली. बाहेरून ठाकरे काकू बघत होत्या. त्यांनी आईला जाऊन सांगितलं की तुमच्या मुलीवर समोर काहीतरी उतारा चालला आहे.

त्याच ठाकरे काकूंची नंतर बरोबर जिरली. त्यांच्या टॅबची चार्जिंगची पिन ढिली झाली होती. काकू गेल्या. डॉक्टर ताप विचारतो तसं काकांनी पहिलं विचारलं, किती टक्के. काकू अभिमानाने म्हणाल्या, एक्क्याण्णव. झालं. पंचवीसच्या वर बॅटरी असेल तर हा माणूस टॅब उघडतच नाही. भरलेली बॅटरी म्हणजे भरलेला सिलेंडर, म्हणे, रिकामी करून आणा. मग काकू त्यांच्याच ओट्यावर बसून मालिका बघायला लागल्या, बॅटरी संपवायला. मालिका इतक्या रंगात आली की एकवीस टक्क्यांवर काका बाहेर येऊन उभे राहिले तरी काकूंनी हातानेच थांबा म्हटलं. तेवढ्यात सून जेवायला बोलवायला आली, काकू टॅब घेऊन घरी गेल्या आणि सवयीने पिन बोटाने दाबून रात्रभर चार्जिंगला लावला. सकाळी परत हजर. किती टक्के? शंभर.

काका शांतपणे म्हणाले, "पहिले बॅटरी, मंग दुनिया."

हे त्यांचं पेटंट वाक्य. कशालाही लावतात. वाढदिवसाला बोलावलं तर लावतात. आमच्या गल्लीत एका पोराचा वाढदिवस होता, केक समोर, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि काकांना दिसलं की पोराचा टॅब उशीखाली चार्जिंगला लावला आहे. त्यांनी तो काढला, फरशीवर ठेवला आणि बॅटरीला हवा कशी लागते, गादी कशी पेटते, यावर बोलायला लागले. मेणबत्त्या जळून केकवर मेण सांडलं. पेटायचं ते तिथे पेटलं होतं, पण काकांचं लक्ष उशीकडे.

आणि ते स्क्रू. एक स्क्रू काढला की थर्माकोलवर काढलेल्या टॅबच्या चित्रात, बरोबर त्याच जागी टोचायचा. मग दुसरा. मी म्हटलं, काका, सगळे सारखेच तर आहेत, एका वाटीत टाका. माझी चूक झाली. त्यांनी दोन स्क्रू काढून भिंगाखाली धरले आणि त्यातला एक अर्धा मिलिमीटर लांब आहे हे दाखवलं. लांबवाला चुकीच्या भोकात गेला तर खालची पट्टी फोडतो. अर्ध्या मिलिमीटरवर हा माणूस पाऊण तास बोलला. मी घड्याळ बघून सांगते आहे.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाकडे कोण जाईल? मी तर ठरवलंच होतं, माझा टॅब मोडला तरी चालेल पण समोर नाही जाणार.

आणि मे महिन्यात तो मोडला.

मी चित्रं काढते. लहान मुलांच्या पुस्तकांची. म्हणजे काढेन, कारण हे पहिलंच पुस्तक. खापा गावची एक शेळी कन्हान नदी ओलांडून पलीकडे जायला निघते, अशी गोष्ट. बावीस चित्रं. प्रकाशक पुण्याचे. शुक्रवार शेवटचा दिवस, नाहीतर काम दुसऱ्याला जाणार, हे त्यांनी गोड शब्दांत तीनदा सांगितलं होतं. बावीसच्या बावीस चित्रं टॅबमध्ये. दुसरीकडे कुठेच नाहीत. बॅकअप मी घेणारच होती.

तर मे महिना. दुपारी टॅब इतका तापायचा की बोट ठेववत नव्हतं. मग मी केलं ते नागपुरात कोणीही करेल. कूलरच्या तोंडाशी उभा करून ठेवला. आमच्याकडे उन्हाळ्यात तापलेली प्रत्येक वस्तू कूलरसमोर जाते. आंबे, शाळेचे बूट, ऊन लागलेला पाहुणा. महिनाभर रोज, टॅब तापला की कूलरसमोर, गार झाला की परत काम. वाळ्याच्या वासाची ती ओली गार हवा माझ्या अंगावर यायची आणि टॅबच्या अंगातही जात होती, एवढा विचार कोण करतं?

गुरुवारी सकाळी स्क्रीनवर आपोआप रेघा उमटायला लागल्या. शेळीच्या डोळ्यातून. मग स्क्रीन बंद. आणि टॅब टेबलावर ठेवला तर तो सपाट बसेना, डुगडुगायला लागला.

समोर उरकुडे काका खिडकीला बांधलेले दिसत होते. मी त्यांच्याकडे पाठ करून ऑटोत बसली आणि सरळ सीताबर्डी गाठली. तिथे एका गाळ्यावर पाटी आहे, पंधरा मिनिटांत दुरुस्ती. हे खरे लोक, म्हटलं. काउंटरवर तिशीचा एक माणूस, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, तीन गिऱ्हाइकं एकदम हाताळत होता. गजाला हात लावणं नाही, टक्के विचारणं नाही. टॅब घेतला, मागची बाजू वर आलेली दिसली, आणि त्याने ती अंगठ्याने दाबली. तोंड जवळ नेऊन, डब्याचं झाकण बसवतात तशी.

आणि थांबला. अंगठा हळूच उचलला. खर्रा थुंकून आला, टॅब बंद केला आणि माझ्यासमोर सरकवला. बॅटरी फुगली आहे, तो म्हणाला, हे त्याच्याकडे होणार नाही. आता चार्ज करू नका, चालू करू नका, उन्हात नेऊ नका, दाबू तर बिलकुल नका. मग खाली बघत म्हणाला, "नंदनवनात एक म्हातारा आहे. खिडकीले बांधून बसलेला रायते. त्याच्याकडेच जा. माह्याबद्दल सांगू नका."

मला रडायलाच आलं. आख्खं नागपूर सोडून परत समोरच्याच घरी.

परत येताना टॅब दोन्ही हातांवर आडवा धरून बसली होती, आरतीचं ताट धरतात तसा. काकांच्या दारात गेली आणि तयारच होती की आता पाऊण तास भाषण. काकांनी टॅब बघितला. भाषण नाही. टक्केही नाही विचारले. मीच म्हटलं, काका, सत्तर टक्के तरी असेल, वाट बघावी लागेल का?

"फुगलेलीची वाट नाई पाह्यत," ते म्हणाले. "तू तिकडं भिंतीमांगं बस."

मग ओट्यावर टेबल आलं. शेजारी वाळूची बादली आली. काकांनी चष्म्यावर दुसरा मोठा चष्मा चढवला, चिमटा गजाला लावला. गरम पाण्याची पिशवी टॅबच्या कडेला एक मिनिट ठेवायची, काढायची, हाताच्या मागच्या बाजूने कडा किती तापली ते बघायचं, मग प्लॅस्टिकची पातळ पट्टी केसाएवढी आत सरकवायची. परत पिशवी. परत पट्टी. भिंतीमागून बघता बघता मी नखं खाऊन संपवली. प्रकाशकांचा फोन आला, मी कापला. तासाभराने स्क्रीन पुस्तकाच्या पानासारखी उघडली. काकांनी सगळ्यात आधी बॅटरीचा जोड सोडवला आणि पहिल्यांदा श्वास सोडला. मग बॅटरीच्या खालचा गोंद. थेंब थेंब औषध टाकून तो मऊ करायचा. घाई केली, बॅटरी वाकली, तर संपलं. म्हणजे चित्रंही संपली आणि समोर बसलेले काकाही.

माझ्याने गप्प बसवत नाही, हे आईला विचारा. भीती वाटली की मी जास्त बोलते. मी सांगायला लागली की सीताबर्डीला किती भंगार लोक बसतात, एक तर अंगठ्याने दाबूनच बसवत होता.

काकांचा हात थांबला.

"कोणत्या गाळ्यात?"

मी सांगितलं. त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"खर्रा खाते अजून?"

मी हो म्हटलं. तेव्हा आठवलं, त्याने सांगू नका म्हटलं होतं. मी काहीतरी लपवायला हवं होतं आणि ते आधीच बोलून झालं होतं.

"पोरगा आहे माहा," काका म्हणाले, जसं काही तो बोर्डावरचा एखादा पार्ट आहे. इथेच बसायचा, याच टेबलावर. त्याचं म्हणणं, बाबा, तुमच्या एका टॅबच्या वेळात माझे दहा होतात. यांचं म्हणणं, दहातला एक पेटला तर? चार वर्षं झाली बोलणं बंद होऊन, म्हणजे आम्ही इथे राहायला यायच्या आधीपासून. "त्याले घाई, मले भेव. एका टेबलावर दोघं बसत नाई ना वं."

त्यांनी पट्टी परत उचलली, पण आत घातली नाही.

"दाबली तवा तोंड जवळ होतं का त्याचं?"

आता मी काय सांगू? मला तो माणूस डोळ्यासमोर दिसत होता, फुगलेल्या बॅटरीवर नाक टेकवून. मी म्हटलं, नाही हो काका, लांब होता. आणि डोळ्यावर चष्मा होता का, काकांनी विचारलं, हा असा मोठा? हो, हो, घातला होता ना.

काका "हं" म्हणाले आणि गोंदाकडे वळले.

पाऊण तासाने बॅटरी निघाली. अख्खी, उशीसारखी फुगलेली. वाळूच्या बादलीत ठेवून त्यांनी बादली अंगणाच्या पार टोकाला नेली. मग मला जवळ यायची परवानगी मिळाली. बोर्डावर जिथे जिथे ओल बसून हिरवट डाग पडले होते ते त्यांनी ब्रशने साफ केले, वाळू दिले. कूलरचं ऐकून एकदाच माझ्याकडे बघितलं. नवीन बॅटरी यायला चार दिवस. तोपर्यंत बाहेरून करंट देऊन टॅब चालू करू, म्हणाले, आणि चित्रं काढून घेऊ.

स्क्रीन उजळली. शेळी होती. डोळा, शिंगं, नदी, सगळं. पेनड्राइव्हवर एकेक चित्र जायला लागलं आणि मी मोजत होती, अठरा, एकोणीस. बावीस झाल्यावर मी खाली फरशीवरच बसली. एक दिवस आधी, गुरुवारीच, संध्याकाळच्या आत चित्रं पुण्याला पोचली.

पेनड्राइव्ह घेऊन निघताना काकांनी थांब म्हटलं. आतल्या खोलीत गेले, कपाटाचा आवाज आला. येताना हातात एक पाकीट होतं. आत मोठा पारदर्शक चष्मा, नवाकोरा, कधीच न काढलेला. पाकिटाचं प्लॅस्टिक मात्र पिवळं पडलं होतं. काकांनी त्यावरची धूळ बनियनला पुसली.

"सीताबर्डीले जाशील तवा देजो त्याले. माहं नाव नोको सांगू. फुकट भेटला म्हण."

मी म्हटलं, काका, तो घालतो ना पण. मी सांगितलं ना, घातला होता.

"तो नाई घालत," काका म्हणाले. "दहावीत होता तवापासून मी मांगं लागलो. डोळ्याले घाम येते म्हणते." माझं खोटं त्यांनी बॅटरीसारखंच न वाकवता बाजूला ठेवलं. मग पाकीट माझ्या हातात दिलं, पण लगेच सोडलं नाही.

"त्याचं डोकं मोठं आहे, माह्यासारखं. बसते का नाई कानावर, तेवढं पाह्यजो. अन् मले येऊन सांगजो."