रऊफचाचांचा बारा दिवसांचा युरोप

रऊफचाचा रोज सकाळी गॅरेज उघडलं की पहिला अर्धा तास एका मेलेल्या जीपमध्ये डावीकडच्या सीटवर बसून गाडी चालवायचे. जीपला इंजिन नव्हतं, चाकांच्या जागी विटा होत्या, आणि स्टिअरिंग अर्थातच उजवीकडं होतं. म्हणून चाचा भंगारातलं एक सुटं स्टिअरिंग मांडीवर धरत आणि उजव्या हातानं गिअर टाकत. समोरच्या भिंतीकडं बघून मधूनच मान हलवत, कुणाला तरी वाट देत.

तिकडं युरोपात गाडी उजव्या अंगानं चालते, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की एकदा गिऱ्हाइकाची गाडी मांजरसुंब्याच्या रस्त्यावर ट्रायलला नेली ती थेट उजव्या बाजूनं. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाला जे बोलला ते इथं लिहिता येत नाही. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चूक माझी हाय. पण वळण बराबर घेतलतं मी."

पाटोद्यात त्यांच्या गॅरेजला लागून माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्यामुळं त्यांचा युरोप तीन वर्षं माझ्याच कॉम्प्युटरवर होता. बारा दिवस, पाच देश. विमानानं पॅरिस. तिथून रेल्वेनं झुरिक, झुरिकहून इन्सब्रुक. इन्सब्रुकला भाड्याची गाडी घ्यायची, तीन दिवस घाट ओलांडून इटलीत फिरायचं आणि गाडी परत इन्सब्रुकलाच आणून द्यायची, कारण एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली तर ते लोक जास्तीचं भाडं घेतात. मग रेल्वेनं म्युनिक, आणि घरी. चाचांना हे सगळं पाठ होतं. ऑस्ट्रियात हायवेला काचेवर टोलचं स्टिकर लागतं, ते आतून चिकटवायचं की बाहेरून, यासाठी त्यांनी माझी एक अख्खी दुपार घेतली होती.

"घाई न्हाई, पण फिक्स पायजे," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

फिक्स मात्र काही होत नव्हतं. प्लॅन पुरा झाला, मी प्रिंट काढून हातात दिली, की दुसऱ्या दिवशी चाचा हजर. अकरा मिनिटांत रेल्वे बदलायची कशी, चाळीस तरी पायजेत. घाटात बर्फ असेल तर? डिसेंबरात तिकडचं टाइमटेबल बदलतं, ते बदललं की पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं, मेकॅनिक माणूस, नट सैल राहिलेला चालत नाही, दुसरं काय.

गावाला मात्र हे बघवत नव्हतं. त्याला कारण होतं. चाचांची बायको, शमीमचाची, सहा वर्षांपूर्वी गच्चीवर मिरच्या वाळत घालताना खाली पडल्या. मणका गेला. कमरेखाली काही उरलं नाही. मूलबाळ नव्हतं. आणि नवरा जीपमध्ये बसून युरोप चालवतो! चहाच्या टपरीवर एकजण माझ्यासमोरच म्हणाला, बायको अंथरुणावर पडलीय आन् ह्याला टूर सुचायलीय. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. प्लॅन एकाच माणसाचा होता. सीट एक, खोली एकाची.

गेल्या हिवाळ्यात एक दिवस चाचा पडलेल्या चेहऱ्यानं आले आणि म्हणाले, व्हिसाचा अर्ज भर. मला नवल वाटलं. तीन वर्षं ज्याची वाट बघितली त्याला निघताना माणूस असा दिसतो? मी फॉर्म भरला. बीडला जाऊन त्यांनी इंटरनॅशनल लायसन काढलं. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. व्हिसा नाकारला होता. मी कागद वाचून दाखवला. हा माणूस मुदत संपल्यावर आपल्या देशात परत जाईल याची त्यांना खात्री वाटत नव्हती.

"म्हंजी मी परत येणार न्हाई म्हनतेत?"

"तसंच लिहिलंय."

चाचांनी कागद घडी करून खिशात घातला. साठ वर्षांत हा माणूस सलग दोन दिवस पाटोद्याबाहेर राहिला नव्हता. मला वाटलं आता चिडतील. ते उठले, समोरच्या हॉटेलातून पेढे आणले आणि एक माझ्या हातावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "चाचीनं इचारलं तर सांग, दोन वर्सं अर्ज करता येत न्हाई."

संध्याकाळी चाचींचा निरोप आला, जरा येऊन जा. मी गेलो तेव्हा चाचा मागं अंगणात चादरी धूत होते. खोली लहान, पण स्वच्छ. फिनेलचा वास. पलंगासमोर स्पेअर पार्टवाल्याचं जुनं कॅलेंडर, त्यावर बर्फातून जाणारी लाल रेल्वे. आणि मी काढलेल्या सगळ्या प्रिंट चाचींच्या उशाशी, पिना मारून नीट लावलेल्या. कडेला पेन्सिलीनं खुणा होत्या. अक्षर चाचांचं नव्हतं.

चाचींनी विचारलं, पुन्हा अर्ज करता येतो का.

चाचांनी शिकवलं होतं तसंच मी सांगितलं. दोन वर्षं नाही.

चाचींना ते पटलं नाही. "त्यांनीच सांगितलं आसंल तुला आसं बोल म्हनून."

मी खाली बघितलं. मग त्याच सांगू लागल्या. हे सगळं त्यांनीच सुरू केलं होतं. पडून पडून कॅलेंडरातली गाडी कुठं जाते म्हणून विचारलं, आणि चाचांनी शोधून आणलं. रोज संध्याकाळी वाचून दाखवायचे. तेवढा वेळ दोघंही खोलीबाहेर असायचे. पुढं चाचींनी हट्ट धरला की तुम्ही खरंच जा. तेव्हापासून चाचा रोज त्यात एक चूक शोधू लागले. शेवटी चाचींनी शपथ घातली.

"माझी बहीन उमापूरहून यायला तयार होती," चाची म्हणाल्या. "मला दर दोन तासाला कुशीवर फिरवावं लागतंय, न्हाईतर जखमा होतेत. सा वर्सं झाली, हा मानूस सलग झोपला न्हाई. मला युरोपचं काय करायचंय बाबा? बारा राती तर झोपले आसते."

अंगणात पिळलेल्या चादरीचं पाणी दगडावर पडल्याचा आवाज येत होता.

मी घरी येऊन आईला सांगितलं. तिनं जास्त विचारलं नाही. पुढच्या रविवारी जेवणं आटोपल्यावर ती चाचींकडं गेली आणि चाचांना म्हणाली, मी हाय इथं, तुमी जावा. चाचा आधी ऐकेनात. मग उंबऱ्यात घुटमळले, तिनं चाचींना नीट फिरवलेलं बघितलं, आणि माझ्या दुकानात आले.

आता दर रविवारी दुपारी येतात. मी शटर अर्धं ओढून घेतो. कागदाच्या गठ्ठ्यांवर सतरंजी टाकलेली असते, तिच्यावर आडवे होतात आणि बोलता बोलता झोपतात. तोंड उघडं, पायात चपला तशाच.

दोन तास होत आले की ते उठत नाहीत, डोळेही उघडत नाहीत. फक्त दोन्ही हात वर येतात, तळवे वर करून काहीतरी जड अलगद उचलतात, कुशीवर वळवतात, आणि हळूच खाली येतात.