शिओरीपुढे वाळू टाकताना

प्रवासाची आखणी कशी करावी, ते माझ्याकडून शिकावं. सापोरोत जन्मलो, पन्नास हिवाळे याच पायांनी काढले. मुलीला, शिओरीला, विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला वेळेवर पोचवणं म्हणजे काय मोठंसं?

परीक्षेच्या दिवशी परीक्षार्थीसमोर पडायचं नाही, घसरायचं नाही, हे शब्दसुद्धा तोंडातून काढायचे नाहीत, हे आमच्याकडे शेंबडं पोरही पाळतं; पडणं-घसरणं म्हणजे नापास होणं. मी त्याच्याही पुढे गेलो. भुयारी रेल्वेच रद्द केली. ती बर्फातही मिनिट चुकत नाही, कबूल. पण अशा दिवशी जमिनीखाली उतरायचं? ट्रामने जायचं, असं मी जाहीर केलं. बायकोने, मासाएने, नुसतं माझ्याकडे पाहिलं. चोवीस वर्षांच्या संसारात त्या पाहण्याचा अर्थ मला कळायला हवा होता.

सकाळी सातला निघालो. रस्ता काचेसारखा गुळगुळीत. निसरड्या बर्फावर टाकायला कोपऱ्यावर पेटी ठेवलेली असते, तिच्यातून वाळूची पिशवी उचलली आणि शिओरीपुढे उलटा चालत मूठमूठ वाळू टाकू लागलो. योजना चोख होती. फक्त वाळू तिच्या पायाखाली होती आणि बर्फ माझ्या. दहाव्या पावलाला मी आभाळ बघत होतो.

"बाबा, लागलं का?"

"छे, बुटाची नाडी बांधायला बसलोय."

"तुमच्या बुटांना नाडी नाही."

पोरगी शास्त्र शाखेची. निरीक्षण दांडगं.

ट्राम पंचवीस मिनिटं उशिरा आली, चार थांबे गेली आणि ठप्प झाली. चालक अदबीने सांगू लागला, "पुढे एक मोटार घस..." मी इतक्या जोरात खोकलो की शेजारच्या आजीबाई उठून लांब जाऊन बसल्या. त्या बिचाऱ्याने माफी मागून तेच वाक्य पुन्हा सुरू केलं, मी पुन्हा खोकलो. रुळांवर आडवी झालेली मोटार खिडकीतून सगळ्यांना दिसतच होती म्हणा. सव्वाआठ झाले. नऊ वाजून दहा मिनिटांनी परीक्षाकेंद्राचं फाटक बंद होणार होतं. पोरीने दोन वर्षं रात्रीचा दिवस केला, आणि मी तिला एका मोटारीमागे आणून बसवलं होतं.

चालत जाऊ म्हणून उतरलो, तर पायरीवरच बसकण मारली. मग एका दुकानासमोर. मग सिग्नलपाशी, सरळ लोटांगण. मनगटातून कळ आली, पिशवी फुटली, आणि मी तिथेच बर्फात बसून राहिलो. आता नाडीबिडी काही सुचेना.

"शिओरी, तुझं वाटोळं केलं गं मी," मी म्हणालो. रडू फुटायचंच बाकी होतं.

तिने बखोट धरून मला उठवलं आणि समोर बोट दाखवलं. भुयारी रेल्वेचा जिना होता.

"बाबा, आता तरी खाली उतरायचं?"

उतरलो. गाडी दोन मिनिटांत आली. नऊ वाजून सहा मिनिटांनी शिओरी फाटकातून आत गेली, एकदाही पाय न घसरता. घराजवळूनच या गाडीत बसलो असतो तर पावणेआठलाच पोचलो असतो, हे मी मासाएला सांगितलेलं नाही. तिला ते सकाळीच माहीत होतं.

संध्याकाळी हात प्लॅस्टरमध्ये घालून बसलो होतो. शिओरी आली ती उड्या मारतच. पेपर वाटले होते त्याहून सोपे गेले होते. मासाए चहा ओतताना म्हणाली, "तिच्या वाटचं सगळं तुम्हीच पडून घेतलंत म्हणायचं." चोवीस वर्षांतली पहिली शाबासकी! माझी छाती फुगली.

"उद्या गणित आहे," शिओरी म्हणाली. "याल ना बाबा?"

"येणार म्हणजे काय! उद्या भुयारी रेल्वेने जाऊ."

"भुयारी रेल्वेने मी जाईन. तुम्ही ट्रामनेच या. आणि चारपेक्षा कमी वेळा पडू नका."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण मासाएने वाळूची नवी पिशवी दाराशी आणून ठेवली आहे.