मन्मथअप्पांची मशीन

परळीत स्वतःच्या घरी व्हिडिओ गेमची मशीन बनवून घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि त्या मशीनवर तो कधी एक डावही खेळला नाही. मन्मथअप्पा संध्याकाळी दुकानातून आले की हातपाय धुवायचे, कपाळाला भस्म लावायचे आणि मशीनवरची राख फडक्याने पुसायचे. वीज आमच्या गावातच, कोळसा जाळून तयार होते. राख रोज घरपोच मिळते, विजेचे मात्र सांगता येत नाही. ती असलीच, तर अप्पा बटण दाबून पाटावर मांडी घालून बसायचे. कुणी खेळत नसले की अशी मशीन आपली आपणच खेळून दाखवते. पडद्यावरचा बुटका माणूस धावायचा, खड्ड्यांवरून उड्या मारायचा. अप्पा हात मांडीवर ठेवून बघायचे.

"अप्पा, खेळा की."

"तसं कसं? रीत म्हणून काही हाय का न्हाई?"

ही रीत कुठली, ते मला बरेच दिवस कळले नाही.

मी त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. शाळेत नोकरी लागून परळीत आलो, तेव्हा अप्पांनी ओळखदेख नसताना खोली दिली. पहिल्याच दिवशी त्यांच्या बायकोने, काकूंनी, धपाटे आणि दही पाठवले. ते मी विसरलेलो नाही, म्हणून हे लिहिताना हात जरा जड होतो.

मशीन बनली ती गावात केबल आली त्या वर्षी. अप्पांनी लातूरहून टीव्हीला जोडायचा गेम आणला, माळ्यावरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही उतरवला आणि सुताराला बोलावले. त्या सुताराने जन्मभर देव्हारेच केलेले. त्याने टीव्हीच्या कपाटालाही दोन खांब, पुढे कमान आणि वर कळस चढवला. दूधवाल्या बाई चपला बाहेर काढून आत येऊ लागल्या आणि एक दिवस हळदकुंकू वाहून गेल्या.

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "मानसं तर एकमेकाला हात जोडत न्हाईत या घरात."

खेळायच्या मुठी अप्पांनी बसल्या उंचीवर बसवून घेतल्या. मी म्हणालो, "अप्पा, हे उभ्याने खेळतात."

"उभ्यानं आमी जेवत बी न्हाई, सर."

मुठींचे वेड निराळेच. अप्पांचे भांड्यांचे दुकान. पितळी झाकणांच्या दोन मुठी काढून त्यांनी सळयांवर बसवल्या. प्रत्येक सळईभोवती दाराच्या बेलची चार बटणे. मूठ कलली की सळई बटणावर टेकायची. इथवर ठीक होते. पण मग त्या मुठी त्यांनी सोनाराच्या काट्यावर नेल्या. उजवी जराशी जड निघाली. ती घासली, तर डावी जड. महिनाभर हेच चालले. सोनार वैतागून म्हणाला, "अप्पा, सोनं असतं तर आतापत्तूर तुमी भिकेला लागला असता."

अप्पा हसले नाहीत. "दोनी येकसारख्या पाहिजेत. तक्रारीला जागा नको."

तक्रार कोण करणार होते? भिंतीपलीकडचे नागनाथ.

नागनाथ हे अप्पांचे धाकटे भाऊ. पूर्वी अंगण एक होते, दुकान एक होते. एका महाशिवरात्रीच्या जत्रेत व्हिडिओ गेमचा तंबू आला, आणि हे दोन पोक्त दुकानदार दुपारभर तिथे उभे राहून खेळले. लोक बघायला जमले. नागनाथ हरले, तेव्हा ओरडले, "माझी मूठ ढिली हाय! दादा, तू चांगली धरून बसलास!" काकू सांगतात, दोघे हसत हसत घरी आले ते शेवटचे.

पुढे वाटणी झाली. इकडची रीत अशी, की थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. अप्पांनी वाटे केले: एकात बाजारातले मोठे दुकान आणि घराचा लहान भाग, दुसऱ्यात गल्लीतले गोदाम आणि घराचा मोठा भाग. त्यांना वाटले, भाऊ दुकान आपल्याला सोडेल. नागनाथांनी दुकान उचलले. अप्पांनी गोदामात दुकान थाटले आणि अंगणात भिंत घातली.

"रीतीनंच उचललं त्यानं," अप्पा मला म्हणाले. "पन उचलताना माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई."

मशीन पुरी झाल्यावर त्यांनी मला पलीकडे पाठवले. "तुमी शिकलेले, नीट सांगा. म्हणावं, दोन मुठी केल्यात. कोनची घ्यायची ती आधी तू घे. तवर मी हात लावनार न्हाई."

आता मला रीत कळली. मी आनंदाने गेलो. शिकलेल्या माणसाला वाटते, निरोप नीट सांगितला की माणसे जुळतात.

नागनाथांनी सगळे ऐकून घेतले. चहा पाजला. मग म्हणाले, "सर, त्यानं वाटे केले, मी उचलला, तर भिंत घातली. आता परत वाटे करून बसलाय. मी उचलू कावून? आता काय छप्पर काढनार हाय का?"

मी ते शब्दाला शब्द येऊन सांगितले. अप्पांनी मुठींवर फडके टाकले. तरी मशीन रोज संध्याकाळी लागत राहिली.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी भिंतीपलीकडून अप्पांच्या मशीनवर वाजायची तीच धून आली. नागनाथांनीही लातूरहून गेम आणला होता, अगदी तोच. काकूंनी कपाळावर हात मारला. "बघा! खेळायचं हाय दोघांला, पन आपापल्या घरात!"

मला संताप आला. एवढ्या वयाची माणसे, धडधाकट, मध्ये एक विटेची भिंत. आणि दोघांकडे दोघांनी खेळायचा एकच खेळ. मी म्हणालो, "अप्पा, आता कशाची वाट बघता? त्यांनी त्यांचा आणला. तुम्ही तुमचा खेळा."

अप्पा उठले. मला वाटले, मशीन बंद करणार. त्यांनी फक्त आवाज पार बारीक केला आणि पाट ओढून भिंतीला लागून बसले, कान विटांना लावून. पलीकडे धून भरभर चालली होती. मधेच ती घसरली, घरंगळत खाली गेली आणि थांबली.

"पडला," अप्पा हळूच म्हणाले. "तिसऱ्या खड्ड्यात. तितं जरा थांबून उडी मारावी लागती, ह्यो पळतच सुटतोय."

"मग सांगा की हाक मारून. भिंत काय, वीतभर तर आहे."

त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

"गप बसा, सर. परत सुरू केलंय त्यानं."