टिटवीची अंडी आणि आमचा न्याय

एका जंगलात, मुलांनो, आम्ही सगळे फार न्यायाने राहत होतो. आम्ही म्हणजे मी आणि बाकीचे. मी गाढव. हसू नका, जन्मानेच आहे.

एका सकाळी टिटवी किंचाळत आली. "माझी अंडी गेली हो! काल होती, आज एक नाही!"

ससा म्हणाला, "मुंगूसबाईला तिकडून जाताना पाहिलं मी."

पाण्याची वाट तीच, तिकडून सगळेच जातो. पण हे मला सुचलं असतं तर मी गाढव कसला?

आमच्या न्यायाची रीत सोपी. आरोपीला मध्ये उभं करायचं. सगळ्यांनी "चोर, चोर" ओरडायचं. त्या गलक्यात त्याने "मी नाही" म्हणायचं. ऐकू आलं तर सुटला, नाही तर जंगलाबाहेर. आजवर एकही सुटला नव्हता. बघा, किती अचूक न्याय!

मुंगूसबाई हात जोडून म्हणाली, "अहो, माझ्या पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नाहीत अजून. त्यांना घेऊन मी कुठं जाऊ?"

"ते नंतर बघू," मी म्हणालो आणि घसा खाकरला. देवाने अक्कल बेताचीच दिली, पण आवाज? अहाहा! मी असा रेकलो की झाडावरची माकडं कान धरून बसली. बाईचे ओठ हलले. काय म्हणाली कुणास ठाऊक.

ती एकेक पिल्लू तोंडात धरून ओढ्यापलीकडे नेऊ लागली. आम्ही ओरडतच होतो. मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात माझ्या पायाशी बारीक आवाजात कुणी "चोर, चोर" करू लागलं. बघतो तर टिटवीची पिल्लं! पहाटे अंड्यांतून निघाली, गर्दी दिसली, शिरली गर्दीत. कवचं पाचोळ्यातच पडली होती. पण वाकून बघतो कोण?

"अगं बाई, ही तर माझीच!" टिटवी म्हणाली.

सगळ्यांनी ओढ्याकडे पाहिलं. मुंगूसबाई शेवटचं पिल्लू घेऊन पलीकडचा काठ चढत होती.

"गाढवदादा, हाक मारा तिला," ससा म्हणाला. "तिथवर तुमचाच आवाज पोचेल."

मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडेच बघत होते. एकट्याने ओरडायची सवय नाही हो मला. फार लाज वाटली.

"घसा बसलाय," मी म्हणालो.

तात्पर्य : मुलांनो, कुणाला चोर ठरवायचं तर घसा फुटेस्तोवर ओरडावं. म्हणजे माफी मागायच्या वेळी घसा बसलाय हे निदान खरं तरी वाटतं.